कराची, सरळ रेषेत

बडोद्याला शाळेत नोकरी लागली तेव्हा नागरवाड्यात मी एक खोली भाड्याने पाहायला गेलो. घरमालकांनी मला नाव विचारलं नाही, गोत्र विचारलं नाही, कुठल्या शाळेत मास्तर झालात तेही विचारलं नाही. ओसरीवरच्या आरामखुर्चीतून न उठता त्यांनी एवढंच विचारलं, की कुठून आलात आणि किती वेळ लागला.

मी म्हटलं, साताऱ्याहून. पुणं, मुंबई, गाड्या बदलत बदलत एक दिवस आणि एक रात्र गेली.

त्यांनी डोळे मिटले. ओठ हलले. मला वाटलं भाड्याचा आकडा ठरवताहेत.

"सरळ रेषेत सव्वातीन तास," ते डोळे उघडून म्हणाले. "बाकीचा वेळ तुम्ही रुळांना दान केलात, मास्तर."

खोली मला मिळाली. भाडं त्यांच्या बायकोने, माईंनी ठरवलं. त्या घरातलं जे काही ठरायचं ते माईच ठरवत आणि साहेबांना वाटे की आपण ठरवलं.

साहेब दरबारच्या नोकरीतून निवृत्त झालेले इंजिनिअर. आयुष्यात एकदाच ते विमानात बसले होते. लंडनजवळच्या क्रॉयडनच्या मैदानावरून निघून कराचीला उतरले होते. त्या काळी बडोद्यात विमान जवळून पाहिलेली माणसंही थोडी, मग त्यात बसलेल्या माणसाचं काय विचारावं. पोळीतले, म्हणजे आमच्या गल्लीतले, गुजराती शेजारी त्यांना 'विमानवाळा काका' म्हणत. मराठी मंडळी तोंडावर 'साहेब' म्हणत आणि पाठ फिरली की तीही विमानवाळा काकाच म्हणत.

हा प्रवास आपल्या वाट्याला कसा आला ते साहेबांनी कधी सांगितलं नाही. मला ते त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याकडून कळलं. महाराज विलायतेत असताना दरबारची काही माणसं कामासाठी तिकडे गेली होती. त्यांतल्या एका बड्या अधिकाऱ्याने हौसेने परतीचं तिकीट विमानाचं काढलं आणि निघायच्या आठवड्यात न्युमोनियाने अंथरूण धरलं. तिकीट वाया घालवायचं नाही असं ठरलं. कोण जातो, असं विचारल्यावर बाकीचे सगळे चटकन आपापल्या बुटांकडे बघू लागले. आमच्या साहेबांना हे सुचायला थोडा उशीर झाला. ते समोर बघत राहिले आणि विमानात गेले.

परत आल्यापासून त्यांनी मैल हा शब्द टाकून दिला. अंतर म्हटलं की विमानाचे तास. काशी साडेसहा तास. मुंबई सव्वादोन तास. मांडवीचा बाजार कितीही वेळा विचारला तरी 'एक मिनिटही नाही'. मात्र त्या मांडवीला ते स्वतः चालत निघाले की वाटेत चार ओळखीचे भेटत, प्रत्येकाला सरळ रेषेचं महत्त्व समजावून सांगावं लागे, आणि ते पोचेपर्यंत चांगली भाजी संपलेली असे. माई मग संध्याकाळी स्वतः जाऊन यायच्या. लग्नांना ते नेहमी अक्षता पडून गेल्यावर पोचत आणि यजमानाला सांगत, की विमानाचा जमाना आला, लोकांनी वेळ पाळायला शिकलं पाहिजे.

त्यांच्या खोलीत पितळी पायावर एक पृथ्वीचा गोल होता. माईंच्या शिवणाच्या पेटीतला दोरा ते त्या गोलावर ताणून धरत, मग तो फूटपट्टीवर ठेवत आणि तास काढत. त्यामुळे त्या घरात लागेल तेव्हा दोरा सापडत नसे. एकदा मी माईंना बटण लावायला दोरा मागितला तर त्या भाजी चिरता चिरता म्हणाल्या, "तो सिंगापूरला गेलाय. आला की देते."

भिंतीवर एक फोटो होता. कराचीच्या मैदानावर विमानासमोर साहेब उभे, एका हाताने हॅट धरलेली. फोटोत त्यांचे डोळे घट्ट मिटलेले होते. साहेब म्हणत, ऊन फार होतं. शेजारी उभा असलेला गोरा माणूस मात्र डोळे चांगले उघडे ठेवून हसत होता.

आणि एक चांदीचा करंडा होता. पाहुणा आला, चहा झाला, की साहेब तो करंडा काढत. आत कापसाचे दोन बोळे. विमानात इंजिनाच्या आवाजाने कान बधिर होऊ नयेत म्हणून प्रवाशांना देतात ते. "हा क्रॉयडनचा कापूस," असं म्हणून ते करंडा पाहुण्यासमोर धरत, हात लावू देत नसत. माईंनी एकदा चहाचे कप उचलता उचलता माझ्याकडे न बघता म्हटलं, "आपल्या भरूचचाच असेल. तो बिचाराही विलायतेला जाऊन आला."

दरवर्षी सुरसागरजवळच्या एका सभागृहात साहेबांचं व्याख्यान होई. विषय ठरलेला, 'लंडन ते कराची : सात दिवस'. ऐकणाऱ्याला सातही दिवस चोख मोजून मिळत. समुद्रावर उतरणारं विमान, इजिप्तची वाळू, बगदादच्या खजुरीची झाडं, इराणी आखाताचं हिरवं पाणी. अध्यक्ष दर वर्षी वेगळा असे, कारण एकदा झालेला पुन्हा मिळत नसे. पहिल्या वर्षी मी अगदी भारावून ऐकलं. दुसऱ्या वर्षी माझ्या लक्षात आलं, की पॅरिसपर्यंत साहेब बारीकसारीक सगळं सांगतात आणि मग एकदम म्हणतात, "तिथून आम्ही थेट समुद्रावर आलो." मध्ये अख्खा इटली देश होता. त्याचं काय झालं, हे मी घरी आल्यावर माईंना विचारलं.

"अहो, तिथे आगगाडी होती," माई म्हणाल्या. "इटलीचं सरकार ह्यांच्या विमानांना वरून जाऊ देत नव्हतं. पॅरिसपासून पार खालच्या टोकापर्यंत सगळ्यांना गाडीत बसवून नेलं. इजिप्तमध्येही थोडी गाडीच होती."

मी धीर करून साहेबांना विचारलं. ते रागावले नाहीत. उलट मुलाला गणित समजावावं तसं म्हणाले, की विमानाच्या तिकिटावर बसलेला माणूस विमानातच असतो, मास्तर. खाली रूळ आहेत की ढग, हा प्रश्न कंपनीचा.

अशा माणसाची थट्टा करायला फार हुशारी लागत नाही. आम्ही ती भरपूर केली. पोळीतल्या मुली गाणी म्हणताना मध्येच हात पसरून घूं घूं करत त्यांच्या ओसरीसमोरून पळत आणि साहेब हात उंचावून त्यांना उत्तर देत. त्यांना वाटे, नवी पिढी तयार होते आहे.

माई मात्र कधी मोठ्याने हसल्या नाहीत. त्या शिलेदारांच्या घराण्यातल्या. बांधा लहान, चालणं भराभरा, बोलणं मोजकं. त्या स्वतः अमदावादच्या पलीकडे कधी गेल्या नव्हत्या. एकुलती एक मुलगी कराचीला दिलेली. जावई तिथल्या बंदरावर नोकरीला. लग्न ठरवताना माईंनी लांब म्हणून हरकत घेतली होती तेव्हा साहेबांनी गोलावर दोरा ताणून दाखवला होता. बडोद्याहून कराची सरळ रेषेत सव्वाचार तास. लांब कुठे? लग्नाला तीन वर्षं झाली तरी ते सव्वाचार तास ओलांडून दोघांपैकी कुणीही मुलीला भेटायला गेलं नव्हतं. साहेब म्हणायचे, विमानाची सोय होऊ दे, गाडीच्या धुरात कशाला जायचं. आणि साहेब नाहीत म्हणून माईही नाहीत.

मग विमानाची सोय झाली. टपालाचं विमान आठवड्यातून एकदा मुंबईहून कराचीला जायला लागलं. वाटेत अमदावादला उतरायचं, आणि टपालाच्या थैल्यांतून जागा उरली तर एकदोन प्रवाशांनाही घ्यायचं. साहेबांनी ही बातमी पोळीत घरोघर जाऊन सांगितली. पण कराचीला जायचं नाव काढलं नाही. कधी हवा बरोबर नसे, कधी संक्रांत जवळ आलेली असे.

त्या थंडीत एका गुरुवारी दुपारी जावयाची तार आली. मुलीला आठवा संपून नववा लागला होता. तब्येत एकाएकी बिघडली, डॉक्टरांना काळजी वाटते, आईला ताबडतोब पाठवा.

मी शाळेतून आलो तेव्हा माई ट्रंक भरत होत्या. साहेब गोलाजवळ उभे होते आणि सांगत होते, की आज संध्याकाळच्या गाडीने निघालं तर मारवाड जंक्शनला गाडी बदलून, वाळवंट तुडवत, सिंधच्या हैदराबादवरून कराचीला पोचायला शनिवारची दिवेलागण होईल. विमान अमदावादहून शनिवारी दुपारी निघतं आणि चारच्या सुमाराला कराचीत उतरतं. म्हणजे दोन दिवस उशिरा निघून माणूस आधी पोचतो. आपण दोघं विमानाने जाऊ. त्यांचा हिशेब बरोबर होता. मी मनात तपासूनही पाहिला.

"तुम्ही शनिवारी या," माई म्हणाल्या. "मी आज निघते."

साहेब म्हणाले, दोन रात्री धुरात बसून तू येशील तेव्हा मी दारात उभा असेन तुला उतरवून घ्यायला. माईंनी मान डोलावली आणि ट्रंकेला कुलूप लावलं.

स्टेशनवर पोचवायला मी गेलो. साहेब तिकिटाची तार करायला टपाल कचेरीत गेले होते. बायकांच्या डब्यात माई कोपऱ्यात बसल्या, ट्रंक पायाशी, मांडीवर दशम्यांची पुरचुंडी. एवढ्या लांब एकटीने निघालेल्या त्या बाईच्या चेहऱ्यावर मला भीती दिसली नाही. घाई दिसली. गाडी हलायच्या आधी त्यांनी मला खिडकीशी बोलावलं.

"मास्तर, शनिवारी त्यांच्याबरोबर अमदावादला जा. आणि त्यांना नीट परत घेऊन या."

मला वाटलं, माई काळजीत आहेत, बोलण्यात चूक झाली. परत कसं आणणार, ते तर कराचीला चालले होते.

शुक्रवारी जागा मिळाल्याची तार आली. शनिवारी सकाळी पोळीने साहेबांना हार घातले. समोरच्या घरातल्या मोटीबा, वयाने सत्तरीच्या पुढच्या, त्यांनी साहेबांच्या हातावर दही घातलं आणि मुलीसाठी सुंठीचे लाडू बांधून दिले. साहेबांनी ओट्यावर उभं राहून छोटं भाषण केलं. आईपेक्षा बाप आधी पोचेल असा हा काळ आला आहे, असं ते म्हणाले. टाळ्या पडल्या.

अमदावादपर्यंत गाडीत ते सारखे बोलत होते. मैदान जवळ येऊ लागलं तसे दर मिनिटाला घड्याळ बघू लागले.

मैदान म्हणजे खरंच मैदान होतं. एक पत्र्याची शेड, पेट्रोलचे डबे आणि म्हशी हाकलणारा एक चौकीदार. विमान आलं ते पाहून माझीही निराशा झाली. व्याख्यानात वेताच्या खुर्च्या होत्या, पांढऱ्या डगल्यातला नोकर होता. हे विमान टांग्यापेक्षा थोडं मोठं असेल. वैमानिक तिशीच्या आतला, हसऱ्या चेहऱ्याचा मुंबईचा माणूस होता. त्याने मागची जागा दाखवली. टपालाच्या थैल्यांना टेकून एका माणसाने पाय आखडून बसावं, एवढी.

साहेबांना ट्रंकेसकट काट्यावर उभं करून वजन घेतलं. ते उतरले आणि त्यांनी वैमानिकाला विचारलं, की इथून कराची किती धरता. वैमानिकाने मैल सांगितले. साहेब म्हणाले, चूक. सहा-सात मिनिटांचा फरक आहे, तुम्ही कमी धरता. वैमानिक म्हणाला, आम्ही दर आठवड्याला जातो, साहेब. साहेब म्हणाले, दर आठवड्याला चुकीचं जाता. मग वारा कुठल्या दिशेने, पेट्रोल किती, कच्छच्या रणावर इंजिन बंद पडलं तर उतरणार कुठे, असं सुरू झालं. वैमानिक एकेका प्रश्नाचं शांतपणे उत्तर देत होता. शेवटी घड्याळाकडे बघून तो म्हणाला, "बसा साहेब. अंतर वाटेत मोजून घेऊ."

साहेब बसले, पण विमानात नाही, पेट्रोलच्या रिकाम्या डब्यावर. हॅट काढली, घातली, परत काढली. मग दोन्ही हात तिच्यात घालून बसले. चौकीदाराने पाणी आणून दिलं ते अर्धं कोटावर सांडलं. तेव्हा मला तो भिंतीवरचा फोटो कळला. या माणसाने क्रॉयडनपासून कराचीपर्यंतचा आकाशातला सगळा रस्ता डोळे मिटून काढला होता. खजुरीची झाडं आणि हिरवं पाणी कुठून आणलं होतं, देव जाणे.

मी वाकून म्हटलं, "साहेब, मुलगी वाट बघत असेल."

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्यांना सांगा, प्रकृती बरी नाही."

मी जाऊन सांगितलं. वैमानिकाला यात काही नवीन वाटलं नसावं. त्याने विचारलं, काही निरोप, काही सामान न्यायचं का. मी मोटीबांचे लाडू दिले. विमान धूळ उडवत गेलं, म्हशी परत आल्या. साहेब उठले, खिशातलं घड्याळ काढलं आणि म्हणाले, "सात मिनिटं उशिरा निघाला."

स्टेशनवर मी म्हटलं, संध्याकाळची गाडी आहे, तिने जा, सोमवारी तरी पोचाल. मी तिकीट काढून देतो. ते म्हणाले, माझं मी काढीन, तुम्ही निघा, उद्या तुम्हाला शाळेची कामं असतील. दुसऱ्या दिवशी रविवार होता. पण त्यांना मी समोर नको होतो, हे दिसत होतं. मी निघालो.

पोळीत शिरल्यावर सगळ्यांनी विचारलं, गेले का काका? मी म्हटलं, विमान गेलं. खोटं काही बोललो नाही.

रविवारी दुपारी तार आली. इंग्रजी तार आली की पोळ माझ्या भोवती जमे. मी ओट्यावर उभा राहून मोठ्याने वाचत गेलो. माई वेळेवर पोचल्या. पहाटे मुलगी झाली. दोघी सुखरूप. इथे टाळ्या पडल्या, मोटीबांनी हात जोडले, आणि त्याच ओघात पुढचं वाक्यही माझ्या तोंडून बाहेर पडलं : बाबा विमानातून उतरले नाहीत, कुठे आहेत ते कळवा.

मग कोपऱ्यातून कुणीतरी हसलं, आणि मग सगळे हसले. मीही हसलो. मी उलट तार केली, की साहेब गाडीने येत असावेत.

बुधवारी सकाळी साहेब आले. बडोद्याच्या स्टेशनावरून घोडागाडीने, कोट नीट झटकलेला, मिशा विंचरलेल्या. ओट्यावर बसले आणि जमलेल्या मंडळींना सांगायला लागले. अमदावाद सोडल्यावर साबरमती कशी चांदीच्या तारेसारखी दिसते. कच्छचं रण वरून कसं दिसतं, भाजायच्या आधीच्या पापडासारखं, पांढरं, गोल, कडेला किंचित वळलेलं. वाऱ्याचा धक्का बसला तेव्हा वैमानिकाला त्यांनी काय सल्ला दिला. सगळ्या पोळीला तार पाठ होती. तरी कुणी बोललं नाही. उलट एकेक जण मुद्दाम विचारत होता. काका, समुद्र लागला तेव्हा काय वाटलं? काका, उंट दिसतात का वरून? आणि साहेब प्रत्येकाला उत्तर देत होते. दिसतात, पण मुंग्यांएवढे. हा खेळ बराच वेळ चालला. इतकी गंमत पोळीत दिवाळीतही झाली नसेल.

मोटीबा आतापर्यंत काठीवर हनुवटी टेकून ऐकत होत्या. त्यांनी मुलीची विचारपूस केली, "दीकरी केम छे?"

साहेब म्हणाले, की रण संपल्यावर सिंधचे कालवे लागतात, ते अगदी सरळ आहेत.

मोटीबांनी पुन्हा विचारलं, जरा हळू, "भाई, दीकरी केम छे?"

साहेबांनी आमच्या तोंडांकडे बघायला सुरुवात केली, एकेकाच्या, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की या माणसाला ठाऊकच नाही. शनिवारपासून बुधवारपर्यंत तो अमदावादच्या कुठल्याशा धर्मशाळेत बसून होता. गाडीने कराचीला गेला असता तर उशिरा पोचल्याचं माईंना दिसलं असतं. परत आला असता तर आम्हाला दिसलं असतं. आपली मुलगी जिवंत आहे की नाही, हे न कळता तो तिथे बसून राहिला होता, आणि आता आमच्या चेहऱ्यांवरून ते वाचता येतं का बघत होता.

मी घरात जाऊन तार आणली. त्यांनी ती हातात घेतली. वाचता वाचता त्यांचा चष्मा नाकावरून घसरला तो त्यांनी वर केला नाही. तार बरीच मोठी होती असं वाटावं इतका वेळ ते वाचत होते. शेवटचं वाक्यही वाचलंच असणार. मग तार घडी करून खिशात ठेवली आणि ते ओट्यावरून उठून घरात गेले. पोळीतली माणसं आपापल्या कामाला लागली. त्या दिवशी कुणी फारसं हसलं नाही.

इथे या माणसाचं डोकं ठिकाणावर आलं, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. पुढच्या व्याख्यानात साहेबांनी 'अमदावाद ते कराची' हा नवा भाग घातला, पापडासारख्या रणासकट. सभागृहातल्या निम्म्या माणसांना खरी हकिगत ठाऊक होती आणि उरलेल्या निम्म्यांना ती शेजारच्याने कानात सांगितली. नंतर टाळ्या इतर वर्षांपेक्षा जास्त पडल्या. साहेबांनी त्या वाकून स्वीकारल्या.

माई तीन महिन्यांनी लेक आणि नात यांना घेऊन आल्या. झालेल्या गोष्टीबद्दल त्यांनी नवऱ्याला एक शब्द विचारला नाही. साहेब आठ दिवस विचारण्याची वाट बघत होते आणि उत्तरं तयार ठेवून होते. ती तशीच राहिली. मला मात्र माईंनी एका दुपारी सांगितलं, की त्या शनिवारी जावई सासऱ्यांना उतरवून घ्यायला मैदानावर गेले होते. वैमानिकाने लाडूंची पुरचुंडी त्यांच्या हातात दिली आणि सांगितलं, की तुमच्या सासऱ्यांना म्हणावं, मी आज वाटेत मुद्दाम पाहिलं, अंतर त्यांचंच बरोबर होतं.

मी म्हटलं, साहेबांना सांगितलंत का? केवढा आनंद होईल त्यांना.

"नाही सांगितलं," माई म्हणाल्या. "सांगणार नाही."

त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. त्या तांदूळ निवडत होत्या आणि खडे एका बाजूला काढत होत्या. इतक्या वर्षांत त्यांनी नवऱ्याला केलेली ही एकच शिक्षा मला माहीत आहे, आणि ती भोगणाऱ्याला कधी कळली नाही.

त्यानंतर माई दर थंडीत कराचीला जायला लागल्या. एकट्याच, बायकांच्या डब्यात, दशम्या घेऊन. एका वर्षी वाट वाकडी करून पुष्करही करून आल्या. पोळीतल्या बायका कुठे निघाल्या की गाड्या कुठे बदलायच्या ते साहेबांना नाही, माईंना विचारायच्या.

मी बडोदं सोडायच्या आधीच्या थंडीत एका रविवारी त्यांच्याकडे जेवायला होतो. माई दोन दिवसांनी निघणार होत्या. साहेब बराच वेळ वांग्याची भाजी चिवडत होते. मग ताटाकडे बघतच त्यांनी विचारलं, की त्या मारवाड जंक्शनला गाडी बदलताना घोटाळा होत नाही का.

"होतो," माई म्हणाल्या. "फलाट लांब आहे. मी हमालाला विचारते."

साहेबांनी घास गिळला. पाणी प्यायले. मी मान वर केली नाही.

"मीही विचारीन," ते म्हणाले.

माईंनी त्यांच्या ताटात भाकरी वाढली, तिच्यावर तुपाची धार सोडली.

"तुम्ही विचारणार नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही त्याला सांगाल."